रच्याकने (रस्त्याच्या कडेने)... : विजापूर-बदामी-हंपीच्या वाटेवर न ठरवता हाती लागलेलं

चिंचगोळी
१८ जानेवारी, रात्री १०:४०

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गाडी काढून पुणे-सोलापूर-विजापूर-बदामी-हंपी असं सहा दिवस फिरून आलो. मी, नवरा, अकरा वर्षांचं आमचं ध्यान आणि माझी आई. आईचं वय ७१ आणि तिच्या गुडघ्यांचं साधारण ९०. प्रवासवर्णन लिहीत नाहीये, बदामीची लेणी आणि हंपीचा दगडी रथ यावर इथल्या जाणकारांनी लिहून ठेवलंय ते वाचूनच तर गेलो होतो. हा धागा उरलेल्या गोष्टींसाठी, म्हणजे ज्या यादीत नव्हत्या, ज्यांच्यासाठी कुणी गाडी काढणार नाही, पण घरी येऊन तीन आठवडे झाले तरी जेवताना विषय निघतो तो त्यांचाच.

नवऱ्यानं नेहमीप्रमाणे एक्सेल केली होती. गोल घुमट दीड तास, इब्राहिम रोजा ४५ मिनिटं, असं सगळं. ती पहिल्याच दिवशी निकालात निघाली कारण आईला पायऱ्या जमत नाहीत, ती प्रत्येक ठिकाणी खाली बसायची आणि आम्ही वर जाऊन परत येईपर्यंत तिची तिथं कुणाशी तरी सोयरीक जमलेली असायची.

पण खरी सुरुवात त्याच्याही आधी झाली. सोलापूर सोडलं, भीमेवरचा पूल ओलांडला, दुकानांच्या पाट्या कन्नड झाल्या. पुढं एका टपरीवर चहाला थांबलो, मी 'भैया, शक्कर कम' म्हणायला तोंड उघडतेय तेवढ्यात मागून आवाज आला, "सक्री कडिमि हाक्री." वळून बघते तर आई! टपरीवाला 'आत री' म्हणून कामाला लागला, त्याला त्यात काहीच विशेष वाटलं नाही, इकडं आम्ही तिघं आ वासून. आई म्हणते, "अगं अक्कलकोटला आमच्या गल्लीत सगळे कानडीच, सहावी-सातवीपर्यंत खेळताना भांडताना तेच बोलायचो की. नंतर तुझे आजोबा बदलून पुण्याला आले, मग कुणाशी बोलणार." मी ४३ वर्षं या बाईला ओळखते. ४३ वर्षांत एकदाही नाही. आणि गंमत म्हणजे तिलाही माहीत नव्हतं की ते अजून आत शिल्लक आहे. पुढच्या सहा दिवसांत रोज थोडं थोडं बाहेर येत गेलं, आधी चहा-पाणी-किती-पुरे, मग नातीगोती, मग शेवटी शेवटी भांडण सुद्धा (पार्किंगवरून, आणि जिंकली).

गोल घुमटाला आम्ही तिघं वर गेलो. कोपऱ्यातल्या सातमजली मनोऱ्यातून अंधारे उंच जिने चढून सज्जात पोचायचं. वर गेल्यावर सगळं पब्लिक फक्त बोंबलत असतं, त्या जागेचं काय ते कौशल्य कुजबुजण्यात आहे हे कुणाला सांगायचं. जरा गर्दी ओसरल्यावर लेकाला एका टोकाला भिंतीला तोंड लावून उभं केलं, बाबा समोरच्या टोकाला कान लावून. एवढ्या प्रचंड घुमटाच्या पोटातून, ३५० वर्षांपूर्वीच्या त्या कारागिरीतून, पलीकडे स्पष्ट ऐकू आलं ते हे : "बाबा मला सूला लागलीये." सात मजले उतरलो.

खाली आई थडग्याच्या चौथऱ्याजवळ बसलेली. म्हणाली वरून तुम्ही सगळे ओरडत होता ना, ते इथं शब्द म्हणून येतच नाही, पत्र्यावर पाऊस पडावा तसं येतं. हे वर असणाऱ्याला कधीच कळणार नाही. खाली बसणाऱ्यालाच.

बदामीजवळची बनशंकरी आमचं कुलदैवत, म्हणजे तिथं जायचं ठरलेलंच होतं. पण देवळाच्या समोरच्या तळ्याकाठी बायका डोक्यावर टोपल्या घेऊन फिरत असतात हे माहीत नव्हतं. दर्शन करून बाहेर आलो तर एक मावशी समोर येऊन टोपली उतरवूनच बसल्या, आम्ही हो म्हणायच्या आत. फडकं सोडलं. ज्वारीच्या पातळ भाकऱ्यांची चवड, भरल्या वांग्याची भाजी, अंबाडीची भाजी (तिकडं पुंडी पल्ले म्हणतात), मोड आलेले मूग, लाल मिरचीचा ठेचा आणि मुठीएवढ्या मडक्यांत दही. मी दह्याकडं जरा संशयानं बघतेय हे त्यांनी हेरलं, एक मडकं उचललं आणि माझ्या नाकासमोर सरळ उलटं धरलं. दही ढिम्म हललं नाही. मग मडकं परत सुलटं करून ताटलीत ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं, बास, एक शब्द नाही. माझी बोलतीच बंद.

तो ठेचा नवऱ्याला झेपला नाही, त्याच्या डोळ्यांतून पाणी, मावशी हसतायत आणि आणखी दही वाढतायत. आईची आणि त्यांची तोवर मुलंबाळं-सुना-गुडघे अशी उजळणी झाली. निघताना मावशींनी दोन भाकऱ्या आईच्या पिशवीत कोंबल्या, पैसे घेतले नाहीत. आई म्हणे, 'माहेरची' म्हणाली मला. मग गाडीत बराच वेळ आई गप्प होती.

दुसऱ्या दिवशी मॅपमधल्या बाईनं आम्हाला ऐहोळेला जाताना कुठल्या तरी आडवाटेला घातलं आणि आम्ही गुळेदगुड्डच्या गल्लीबोळात अडकलो. शिव्या घालत मागं घ्यायला लागलो तर आई म्हणाली थांब, काच खाली कर. घराघरातून खटक-खटक, खटक-खटक. हातमाग. गावाचं नाव वाचून तिच्या लक्षात आलं होतं, अगं हा तर खणांचा गाव! आपण ओटी भरताना जो त्रिकोणी घडीचा खण देतो ना, तो. लग्नामुंजीत आयुष्यभर जे हातात घेतलं त्याचं गाव असं गाडी चुकल्यामुळं सापडलं. एका घरात आत बोलावलं, जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून विणकर बसलेला, मांडीच्या पातळीला माग. काठापाशी सूत तुटलं होतं, ते त्यानं बघता बघता चिमटीत धरून जोडलं, गाठ कुठं पडली ते मला अजून कळलेलं नाही. आईनं १२ खण घेतले. भाव कन्नडमधून.

ऐहोळेचं दुर्गेचं देऊळ, पट्टदकल वगैरे सुंदर आहेच, त्यात मी काय भर घालणार. लेकाला मात्र विचाराल तर त्याची ट्रिप म्हणजे महाकूट. देवळांच्या मधोमध झऱ्याच्या पाण्याचं कुंड आहे, गावातली पोरं धडाधड उड्या मारत होती. त्यानं आमच्याकडं बघितलं, आम्ही एकमेकांकडं, एक्सेलमध्ये पोहणं नव्हतं. पाऊण तास निघाला नाही बाहेर.

आणि हंपी. हंपीत मला सगळ्यात जास्त आवडलं ते एका मंडपाच्या फरशीवर. ऊन चढलेलं, हे दोघं टेकडीवर गेले, मी आणि आई सावलीला. फरशीवर रेघा कोरलेल्या दिसल्या, मोठा त्रिकोण, त्यातून आडव्यातिडव्या रेषा. मी म्हणलं कुणीतरी नावं कोरायच्या ऐवजी हे काय कोरलंय. आई वाकून बघते आणि म्हणते, "हुली-आडू! वाघ-शेळी गं." तिथला रखवालदार लांबून बघत होता, तो आला, खिशातून चिंचोके काढले (खिशात होतेच! म्हणजे रोजचा उद्योग), तीन खडे वाघ, पंधरा चिंचोके शेळ्या, आणि मांडी घालून बसला. आईला मांडी घालता येत नाही, ती खांबाच्या बैठकीवर बसून वरून बोटानं सांगत होती कुठली शेळी कुठं. शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी असंच ऊन टाळत बसून ते कोरलं असणार, बहुतेक कामाच्या वेळेत.

बास. तुम्हीही लिहा, कुठल्याही ऐतिहासिक जागेच्या वाटेवरचं. फक्त मुख्य जागेबद्दल लिहायचं नाही हा नियम.

सोलापुरी_कडक
१८ जानेवारी, रात्री ११:०५

काय ओ ताई, सोलापूर 'सोडलं' म्हणे. सोडलं?? शेंगा चटणी न घेता सोडलं का? बायपासनं गेलात ना, खरं सांगा. पुण्याची माणसं आमच्या गावाला नुसतं वळण समजतात.
बाकी लिहिलंय लई भारी. अक्कलकोटच्या माणसाला कानडी येत नसतं तरच नवल, आमच्याकडं अर्धं घर कानडीत जेवतं आणि मराठीत भांडतं.
माझ्याकडून एक. नळदुर्ग. सोलापूरहून हैदराबाद रोडनं पाऊण-एक तास. किल्ल्यात बोरी नदीवर धरण बांधलंय आदिलशहानं (दुसरा इब्राहिम), आणि त्या धरणाच्या पोटात पाणीमहाल. पावसाळ्यात धरणावरून पाणी पडतं, नर-मादी धबधबा म्हणतात, आणि तुम्ही आत खिडकीत बसून पाण्याचा पडदा आतून बघायचा. आता हे झालं मुख्य. नियमात बसत नाही म्हणून खरं ते सांगतो, आम्ही गेलो तेव्हा आत एक म्हातारा माणूस एकटाच त्या पाण्याच्या आवाजाबरोबर भजन म्हणत बसला होता, आम्ही आलेलं त्याला ऐकू आलं नाही. आम्ही तसंच मागच्या मागं बाहेर आलो. धबधबा बघितलाच नाही त्या दिवशी.

चिंचगोळी
१८ जानेवारी, रात्री ११:१२

बायपास. गुन्हा कबूल. येताना मात्र गावात शिरून दोन किलो घेतली, शपथ.

घाईतला
१९ जानेवारी, सकाळी ८:१५

लेखन बरं आहे पण एक कळलं नाही. एवढं पेट्रोल जाळून माणूस बदामीला जातो आणि लिहितो काय तर दही. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यावर तारखेसकट लेख आहे, शके ५०० म्हणजे इसवी सन ५७८, दख्खनमधल्या देवळांच्या इतिहासात एवढी पक्की तारीख क्वचित मिळते. त्यावर एक ओळ नाही. आपल्या लोकांचं हेच, लेण्याला पाच मिनिटं आणि जेवायला दोन तास.

चिंचगोळी
१९ जानेवारी, सकाळी ९:३०

नियम वाचा की हो, मुख्य जागेबद्दल लिहायचंच नाहीये इथं. आणि तिसऱ्या लेण्यात आम्ही सव्वा तास होतो. छताजवळ चित्रांचे रंग अजून पुसट दिसतात ते शोधत मान मोडून घेतली. दह्याला फक्त २० मिनिटं. :)

शिलालेखी
१९ जानेवारी, सकाळी १०:५०

धागा फार आवडला. सवयीनं दोन दुरुस्त्या करतो, राग मानू नये.

एक, ऐहोळेचं ते देऊळ दुर्गेचं नव्हे. तिथं नंतरच्या काळात तटबंदी उभी राहिली, दुर्गातलं देऊळ म्हणून दुर्ग देऊळ. त्या गावात देवळांची नावं अशीच पडलीत, लाडखान देवळात लाडखान नावाचे गृहस्थ राहत असत म्हणून ते लाडखान. देवापेक्षा भाडेकरू प्रसिद्ध.

दोन, महाकूटला पोहून आलात पण तिथला मंगलेश या चालुक्य राजाचा लेख असलेला स्तंभ तिथं नाहीये, तो विजापूरला गोल घुमटाच्या समोरच्या संग्रहालयात आहे. म्हणजे तुम्ही त्याच्या शेजारून गेलात, बहुतेक सूच्या घाईत.

आता माझी भर. ऐहोळेच्या टेकडीवर मेगुती नावाचं जैन देऊळ आहे, त्याच्या भिंतीवर रवीकीर्तीची प्रशस्ती, शके ५५६ म्हणजे इ.स. ६३४. दुसऱ्या पुलकेशीनं हर्षवर्धनाला हरवलं ते त्यात आहे, कवी म्हणतो 'भयविगलितहर्षो येन चाकारि हर्षः', ज्यानं हर्षाचाच हर्ष घालवला. चौदाशे वर्षांपूर्वीची कोटी! मी पहिल्यांदा गेलो तेव्हा पुस्तकातलं पान झेरॉक्स करून नेलं होतं आणि भिंतीवर बोट न लावता एकेक अक्षर जुळवत होतो. 'महाराष्ट्रकाणां... त्रयाणां' सापडलं, तीन महाराष्ट्रकं आणि त्यातली नव्याण्णव हजार गावं, तेव्हा एकटाच मोठ्यानं 'अरे!' म्हणलो. खाली शेळ्या चारणारा मुलगा होता तो धावत वर आला, त्याला वाटलं साप निघाला. त्याला काय सांगणार. मी भिंतीकडं बोट केलं, त्यानं भिंतीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि स्वतःच्या बाटलीतलं पाणी मला प्यायला दिलं. ऊन लागलंय अशी त्याची समजूत झाली असावी.

घाईतला यांना : तारखेबद्दल सहमत. पण मला त्या मुलाचं पाणी आणि रवीकीर्तीची कोटी आता वेगळी काढता येत नाही.

कुंदानगरी
१९ जानेवारी, दुपारी १:२०

बेळगावहून हजेरी. आईंना आमचा नमस्कार सांगा री.
तुमच्या आईंच्या बोलण्यातला तो 'री' आहे ना, तोच सगळं काम करतो. बंगळूरकडचे लोक 'बन्नी' (या) म्हणतील, आमच्या भागात 'बर्री', 'कूडरी' (बसा), 'ऊटा आत री?' (जेवण झालं का?). हा 'री' लावला की परका माणूस पाव्हणा होतो. मराठीतही आम्ही लावतोच, 'काय करालायसा री'. पुण्यात कॉलेजला असताना यावरून लई चेष्टा झाली माझी.
आणि तुम्ही खानावळी बघितल्या का? पाटीवर कन्नड अक्षरात 'खानावळी'च लिहिलेलं असतं, आपलाच शब्द. उलट्या बाजूनं अक्का, अण्णा, अडकित्ता तिकडून आपल्याकडं. 'अडिके' म्हणजे सुपारी. मला हे कळलं ते बदामीच्या बसस्टँडसमोर एका पानवाल्याकडून, पान लावता लावता त्यानं सांगितलं. एम. ए. भाषाशास्त्र मी, आणि शिकवतोय पानवाला :)
गिरमिट खाल्लं का नाही? चुरमुरे, वर मसाला, कांदा, शेव आणि बाजूला मिरचीभजी? नसेल तर ट्रिप परत करा.

चिंचगोळी
१९ जानेवारी, दुपारी २:००

गिरमिट बागलकोटला खाल्लं, गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून उभ्याउभ्या. लिहायचं राहिलं बघा.

पंक्चर_स्पेशल
१९ जानेवारी, दुपारी ४:४५

गाडी कुठली? रस्ते कसे? सेडान जाईल का? आई-वडिलांना घेऊन फेब्रुवारीत जायचा विचार आहे.

चिंचगोळी
१९ जानेवारी, संध्याकाळी ६:१०

साधी हॅचबॅक. सोलापूर-विजापूर १०० किमी, मस्त हायवे. बदामीच्या आसपासचे आतले रस्ते कुठं छान कुठं ठीक, ऊस भरलेल्या ट्रॉल्या सांभाळा, संध्याकाळनंतर मागं लाल दिवा नसतो. एकदा पंक्चर झालं पट्टदकलच्या अलीकडं. पंक्चरवाल्याच्या पोरानं आमच्या ध्यानाला जुना टायर काठीनं पळवायला शिकवला, तासभर. आमचा ट्यूबलेस टायर कधीच दुरुस्त झाला होता, आम्हीच बसून राहिलो. वडीलधारे असतील तर हंपीला विठ्ठल मंदिराकडं बॅटरीच्या गाड्या आहेत, बायका चालवतात, आईला त्याचं फार कौतुक. ड्रायव्हर मुलीला तिनं विचारलं लायसन काढायला किती दिवस लागले, आता इथं क्लास लावायचं म्हणतेय, ७१ व्या वर्षी, बघा.

पेटीतला_प्रकाश
१९ जानेवारी, रात्री ९:३०

हंपीच्या विरूपाक्ष देवळातली उलटी सावली बघितली की नाही? कुणीच कसं लिहिलं नाही. गाभाऱ्याच्या मागच्या बाजूला एक अंधारी खोली आहे, भिंतीत एक फट, आणि समोरच्या भिंतीवर पूर्वेकडचं नऊ मजली गोपूर उलटं उमटतं, कळस खाली. सावली म्हणतात पण ती सावली नव्हे, प्रतिमा आहे, छिद्रातून उजेड आला की उलटी प्रतिमा पडते तेच, पिनहोल कॅमेरा.
मी शाळेत विज्ञान शिकवतो. दरवर्षी बुटाच्या खोक्याला भोक पाडून, ट्रेसिंग पेपर लावून पोरांना दाखवतो, अर्ध्यांना दिसतं आणि अर्धे दिसल्याचं नाटक करतात. तिथं मी उभा राहिलो तर माझ्या मागून एक आजोबा आले खेड्यातले, धोतर-टोपी, त्यांनी भिंतीकडं बघितलं आणि नातवाला उचलून उलटं धरलं. डोकं खाली पाय वर. नातू ओरडला, 'आता सरळ दिसतंय!' (कन्नडमध्ये होतं पण हावभावावरून तेच असणार.) वीस वर्षं शिकवतोय, हे मला सुचलं नव्हतं. यंदा वर्गात एका पोराला उलटं धरायचा विचार होता, मुख्याध्यापकांनी नाही सांगितलं.

चिंचगोळी
१९ जानेवारी, रात्री ९:४१

खो खो हसले. बघितली होती, आईलाही दाखवली, तिथं पायऱ्या नव्हत्या फारशा. पण नातवाची आयडिया!! आमचं ध्यान आता उचलवत नाही.

भैरू_चालला
१९ जानेवारी, रात्री ११:१५

विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ राहिली की. अहमदनगरला १५४९ साली ओतलेली, नगरची म्हणजे आमच्या गावची, तिकडं आमची पोरगी दिल्यासारखी. तोंडाशी सिंहाचा जबडा कोरलाय आणि जबड्यात हत्ती चिरडला जातोय. मे महिन्यात बाइकवर गेलो होतो, विजापूरचं ऊन, डांबर वितळतंय, आणि तोफेला हात लावला तर गार. बोटाच्या नखानं टिचकी मारली तर टिंग्ग. ५५ टनांची तोफ आणि आवाज देवघरातल्या घंटीसारखा. दुपारभर तिच्या सावलीत झोपलो. रखवालदारानं उठवलं नाही, फक्त जाताना हेल्मेट माझ्या डोक्याखालून काढून नीट बाजूला ठेवून गेला होता.

शिलालेखी
२० जानेवारी, सकाळी ७:३०

@भैरू_चालला, पोरगी दिल्यासारखी :D हे आवडलं. ती नगरहून परांड्याला आणि तिथून विजापूरला आली. म्हणजे वाटेत एक घर बदललंय.

@चिंचगोळी, कुलदैवत म्हणालात म्हणून, बनशंकरीचं आत्ता दिसणारं देऊळ १७५० च्या सुमाराचं, परशुराम आगळे नावाच्या मराठा सरदारानं नव्यानं बांधलेलं. देवी त्याहून कितीतरी जुनी, चालुक्यांची. पौषात जत्रा असते, आत्ता महिनाभर जोर असेल.

आजीचं_लुगडं
२० जानेवारी, सकाळी ८:०५ (इथं रात्र)

न्यू जर्सीहून. गुळेदगुड्ड वाचून उठले आणि कपाट उघडलं. आजीचे नऊ खण आहेत माझ्याकडं, तिनं वर्षानुवर्षं ओटीत आलेले शिवायचे नाहीत म्हणून जपलेले, मी इकडं येताना आईनं सुटकेसच्या कडेला लावून दिले. कुठले ते मला माहीतच नव्हतं, 'आपले खण' एवढंच. आत्ता टेबलवर पसरून बसलेय. एकाच्या घडीत हळदीकुंकवाचा डाग आहे आणि त्रिकोणी घडी इतकी पक्की बसलीये की उलगडला तरी आपोआप मिटतोय.
तुम्हाला विचारायचं होतं, इलकलही त्याच बाजूला ना? आपलं इरकल?

चिंचगोळी
२० जानेवारी, सकाळी ९:१५

हो तेच. आम्हाला जाता आलं नाही. पण त्या विणकरानं सांगितलं की इरकलीचा पदर वेगळ्या ताण्याचा (उभ्या धाग्यांचा) असतो, तो अंगाच्या ताण्याला एकेक धागा अडकवून जोडतात, टोपे-तेनी म्हणतात त्याला. तुमच्याकडं इरकल असेल तर पदर सुरू होतो तिथं उलट्या बाजूनं बघा, फास दिसतात बारीक. मी घरी येऊन आईची बघितली. दिसतात!

घाईतला
२० जानेवारी, दुपारी १२:५०

ठीक आहे. मीही एक लिहितो. मागच्या वर्षी हंपी, पुष्करणी. काळ्या दगडाची पायऱ्यांची विहीर, १९८० च्या दशकात उत्खननात निघाली. प्रत्येक दगडावर खुणा कोरलेल्या आहेत, कुठल्या बाजूचा, कुठल्या थराचा. म्हणजे दुसरीकडं घडवून आणून इथं जुळवली. मी बिल्डिंगचं काम करतो. आमच्याकडं फरशीच्या मागं खडूनं नंबर टाकतात तसंच हुबेहूब. तिथं एक गवंडी बायकोला घेऊन आला होता, ती खूण बघून तो तिला म्हणाला, बघ, आमच्यासारखंच. मग आम्ही दोघांनी अर्धा तास फक्त नंबर वाचायचा प्रयत्न केला. जेवण राहिलं त्या दिवशी.

चिंचगोळी
२० जानेवारी, दुपारी १:३०

हे तुम्ही सगळ्यात आधी का नाही लिहिलंत हो!

अर्धा_चहा
२० जानेवारी, संध्याकाळी ५:५५

वाचतेय, मजा येतेय. आमचं एवढंच की विठ्ठल मंदिरापुढं ५० ची नवी नोट काढून रथाशी ताडून बघणाऱ्या लोकांत आम्हीही होतो. तर शेजारच्या एका शाळकरी मुलीनं दाखवलं, रथापुढं आत्ता हत्ती आहेत पण त्यांच्या मागं बघा, घोड्यांचे पाय आणि शेपट्या उरलेत, आधी घोडे होते. आम्ही नोट बघत बसलो आणि ती दगड बघत होती.
रच्याकने, वाघ-शेळीचं पुढं काय झालं? कोण जिंकलं? असा अर्धवट किस्सा सोडतात का.

भैरू_चालला
२० जानेवारी, संध्याकाळी ६:२०

+१. आपल्याकडंही लेण्यांच्या ओट्यांवर असे पट कोरलेले असतात, मी आजवर ते रिकामटेकड्या लोकांनी ओरखडे काढले असं समजून त्यावर डबा ठेवून जेवलोय.

चिंचगोळी
२० जानेवारी, रात्री १०:१०

आईला विचारून लिहितेय, ती शेजारीच आहे. पहिले दोन डाव हरली, तिच्याकडं शेळ्या होत्या. तिसऱ्यात म्हणे आठवलं, लहानपणी भाऊ कसा कोंडायचा ते, मधली जागा सोडायचीच नाही, कडेनं शेळ्या पेरत जायच्या. तिन्ही वाघ कोंडले. रखवालदार 'साक री, साक' म्हणाला म्हणजे पुरे आता, आणि चिंचोके तिलाच देऊन टाकले. ते आता तिच्या चष्म्याच्या डबीत आहेत.

आणि खरं सांगायचं तर हा धागा परत वर काढायचं कारण वेगळं आहे. काल मी ऑफिसातून घरी आले तर आजी आणि नातू दोघांनी मिळून बाल्कनीच्या फरशीवर अख्खा पट काढून ठेवलाय. पट्टीनं, व्यवस्थित, काळ्या परमनंट मार्करनं. फरशी पांढरी, घर भाड्याचं. कशानं निघतं कुणाला माहितीये का?

सोलापुरी_कडक
२० जानेवारी, रात्री १०:१४

नेलपॉलिश रिमूव्हर. पण आधी एक डाव टाका की ओ.